डांबरी नको, लोखंडीच पत्रा

घरावरची कौलं काढायचं ठरलं आणि अख्ख्या भावकीला माझ्या छपराची काळजी लागली. एरवी मी जगतेय की मरतेय हे विचारायला कुणाला फुरसत नसते. छप्पर म्हटल्यावर मात्र सगळे इंजिनियर झाले.

घर बदलापूरला, हेंद्रेपाड्यात. दोन खोल्या, पडवी, मागे शेवग्याचं झाड. नवऱ्याने उमेदीच्या वयात बांधलेलं, तो गेल्यापासून माझ्या एकटीच्या नावावर. आजूबाजूला टॉवर उठलेत. वरच्या गॅलरीतून लोक माझ्या कौलांकडे बघतात आणि आपसात म्हणतात, "हे अजून आहे?" आहे बाबांनो, आहे.

कौलं मात्र खरंच कामातून गेली होती. निम्मी माकडांनी फोडली आणि बदलायला म्हटलं तर तशी आता मिळत नाहीत. गेला अख्खा पावसाळा मी पलंगावर प्लास्टिक बांधून काढला.

माझा धाकटा दीर अंबरनाथला भाड्याने राहतो. त्याचंही स्वतःचं बैठं घर होतं. ते त्याने बिल्डरला दिलं, आणि बिल्डरने दोन स्लॅब टाकून हात वर केले. एवढं होऊनही हाच बाबा मला सल्ला द्यायला आला.

"वहिनी, डांबरी पत्रे टाका. वजनाला हलके. आहेत त्याच वाशांवर ठोकायचे. पावसाचा आवाजसुद्धा येत नाही. थोडी वर्षं तर काढायचीत, लोखंडाच्या भानगडीत कशाला पडता?"

"थोड्या वर्षांनी काय आहे, भाऊजी?"

"नाही, म्हणजे... कधीतरी बिल्डरला द्यावंच लागेल ना. माझ्या ओळखीचा एक चांगला आहे."

अस्सं! म्हणजे पत्रा कुठला हा प्रश्नच नव्हता. मी इथे राहणार की नाही, हे परस्पर ठरवून झालं होतं. तोपर्यंत मला डांबरी काय आणि लोखंडी काय, दोन्ही सारखेच होते. त्याचं ते वाक्य ऐकलं आणि माझं डोकं सटकलं.

तरी डोक्यात राख घालून कोणी पत्रे घेत नाही. मी उल्हासनगर गाठलं. दुकानदार सिंधी, मराठी माझ्या भाच्यांपेक्षा बरी. त्याने दोन्ही तुकडे पुढ्यात ठेवले. डांबरी पत्रा म्हणजे डांबर पाजलेला जाड पुठ्ठाच म्हणा ना. हाताला ऊबदार, दिसायला छान. मी म्हटलं, बाहेर उन्हात ठेवलेला दाखवा. तो हसला आणि मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथला पत्रा अंगठ्याने दाबला तर दबला.

"ताई, खरं सांगू? हा आवाज नाही करणार, गंजणार नाही. पण खाली आधार कमी पडला, तर मे महिन्यात पोट सोडणार. लोखंडी पत्रा तापेल, पावसात बोंब मारेल, त्याला खाली पाइपाचा सांगाडा लागेल. पण तुमच्या नंतर पण चालेल."

"माझ्या नंतर चालेल ना? मग तोच द्या."

भावकीत बोंबाबोंब झाली. म्हातारपणी हिला झोप लागणार नाही. भट्टी होईल घराची. नणंदेने तर सगळ्यांना फोनवर सांगितलं, बाई हट्टाला पेटलीय, बोलू नका तिच्याशी. म्हटलं, उत्तम! पत्र्याखाली बांबूची चटई ठोकेन, पंखा लावेन, आणि पाऊस बोंबलला तर मीही बोंबलेन. माझ्या छपराखाली मला कोण गप्प करणार?

वेल्डर आला, सांगाडा उभा राहिला. आता आढं चढवायचं होतं, म्हणजे छपराच्या माथ्याचा आडवा पाइप. आमच्यात आढं चढलं की त्याला हळदकुंकू लावतात, आंब्याचा डहाळा बांधतात, नारळ फोडतात. लोखंडाला कसली पूजा, असं वेल्डर म्हणाला. लाकडाला चालते तर लोखंडाने काय घोडं मारलंय, मी विचारलं.

आढं चढलं त्या सकाळी दीर आणि जाऊ दोघं आले. दीर नवा सदरा घालून आलेला. चपला काढता काढता म्हणाला, "वहिनी, ही पूजा जोडप्याने करायची असते. आम्ही बसतो."

एवढं भांडणारी मी, पण तिथे मागे सरले. कारण लहानपणापासून मीही तेच बघितलेलं. विधवेने बाजूला उभं राहायचं. घर माझं, भांडण माझं, आणि कुंकू लावायला दुसरं कुणी! मी पूजेचं ताट जावेच्या हातात दिलं.

ती जागची हलली नाही. बोलायची नाही कधी नवऱ्यासमोर. त्या दिवशी बोलली.

"मी नाही बसणार. आपलं छप्पर आपण आपल्या हाताने उतरवून दिलं. आता ताईंच्या आढ्याला कुठल्या तोंडाने कुंकू लावू?"

तिने ताट माझ्या हातात परत दिलं. मी पदर खोचला आणि शिडी चढले. पाइपाला हळद लावली, कुंकू लावलं, डहाळा बांधला. खाली उतरून पायरीवर नारळ फोडला, एका घावात.

जाऊ जवळ आली. आवाज अगदी खाली.

"ताई, आमच्या घरमालकाने खोली सोडायला सांगितलीय. हे तुम्हाला सांगणार नाहीत. मागच्या खोलीत आमची सोय होईल?"

मी दिराकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. इतक्या महिन्यांचा राग माझ्या जिभेवर तयार होता.

"या," मी म्हटलं. "सामान घेऊन या. पण या छपराखाली बिल्डरचं नाव काढायचं नाही. ऐकलंत, भाऊजी?"

"ऐकलं, वहिनी," तो म्हणाला, आणि पायरीवर सांडलेलं खोबरं गोळा करायला वाकला.