फुलं येण्याआधीचे गुण

नव्वदच्या दशकात मी बेंगळूरला शेतीचं व्यवसाय-शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत शिकवत होते. विद्यार्थ्यांना तीन महिने नर्सरीत कामाला पाठवायचं आणि शेवटी तिथे जाऊन गुण द्यायचे, हे काम माझ्या गळ्यात पडलं होतं. तक्त्यात रकाने उदंड. 'वक्तशीरपणा' आणि 'वेळेचं भान' यांत फरक काय, हे मला निवृत्त होईपर्यंत कळलं नाही.

त्या दिवशी जे. पी. नगरहून दोन बस बदलून बेळ्ळंदूरजवळच्या नर्सरीत पोचले. माझ्या विद्यार्थिनीने गुलाबाच्या रानटी खुंटांवर चांगल्या जातीच्या काड्यांचे डोळे भरून कलमं केली होती आणि झाडून सगळे डोळे फुटले होते. नर्सरीचे मालक अण्णा खूश होते. ती सगळी लाल गुलाबांची रोपं एका हॉटेलला जायची होती. चांगले गुण पडले तर अण्णा तिला नोकरीवर ठेवणार होते. नाहीतर गावी परत यायचं, असं वडिलांनी तिला बजावलं होतं.

'जगलेले डोळे' या रकान्यात मी पैकीच्या पैकी गुण लिहीत होते, तेवढ्यात ती मराठीत म्हणाली, "मॅडम, स्वल्प थांबा. डोळकाड्यांच्या दोन जुड्या माझ्या हातून मिसळल्या. लाल कुठल्या, पिवळ्या कुठल्या, मलाच माहीत नाही. फुलं आल्यावरच कळेल."

आम्ही दोघी घरी मराठी बोलणाऱ्या. अण्णांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. माझं डोकंच चालेना. चूक मोठी होती, पण हात उत्तम होता. चुकीबद्दल गुण कापायचे तर किती? कबुलीचे द्यायचे तर रकाना कुठे? खरं सांगते, मला तिचा रागही आला. माझी सही होईपर्यंत थांबली असती तर काय बिघडलं असतं?

"एनंताळे?" अण्णांनी विचारलं. काय म्हणतेय ती?

"तुम्ही फार मनापासून शिकवलंत म्हणतेय," मी कन्नडात सांगून टाकलं.

अण्णा लाजले आणि शिक्का आणायला आत गेले. मी तिला घाईघाईने म्हणाले, "आता गप्प बस. नोकरी लागू दे, मग बघू." ती मग म्हणाली, "सरी, मॅडम." बरं, मॅडम.

तिला नोकरी लागली. फुलं कुठल्या रंगाची आली, हे विचारायचा धीर मला झाला नाही. पुढे दोन-तीनदा मी नवे विद्यार्थी घेऊन तिथे गेले. तिने त्यांना खुंट कसा निवडायचा ते दाखवलं, मला चहा दिला. पण माझ्याशी ती पुन्हा कधी मराठीत बोलली नाही.