शर्यतीतला नमस्कार

अमरावतीला आमच्या शेजारी राहणारा कारकून अकोल्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीसाठी रोज पहाटे वलगावपर्यंत धावे. मागे सायकलवर भाऊ, दारात ताक घेऊन बायको. वडीलधारं कुणी दिसलं, की थांबून पाया पडे.

"वाकल्याबिगर कसा जाऊ जी, काकू?"

पहिल्या तिघांत यायचंच, हा त्याचा हट्ट. आम्ही सगळे अकोल्याला गेलो. शेवटच्या वळणावर तो तिसरा होता. मला कुठला धीर! रस्त्यातच जाऊन ओरडले, "पळ!"

तो थांबला, वाकला. मीही सवयीने डोक्यावर हात ठेवून सावकाश म्हणाले, "यशस्वी हो."

तेवढ्यात दोघे पुढे गेले.

परतीच्या गाडीत त्याची बायको म्हणाली, "काकू, पुढच्या साली घरूनच आशीर्वाद देजा."

तो मात्र मला जागा देऊन उभा होता. आणि मी बसलेही.