वहिनींच्या नावावरच्या गोळ्या

दुकान बांगड्यांचं होतं. भाऊंचं, मी त्यांच्याकडे कामाला. कोल्हापूरकडच्या गावातून, सातवीत शाळा सोडून, एका व्यापाऱ्याच्या ओळखीनं मी मोताळ्याला आले होते. तेव्हा सगळे मला मुलगाच समजत आणि मीही तोंडानं ‘आलो, गेलो’ म्हणत असे. लिहिताना मात्र मी माझ्यासारखं लिहिते. भाऊंनी ठेवून घेतलं. त्यांच्या बायकोनं, वहिनींनी, पहिल्या दिवशी ताटात दोन भाकरी वाढल्या आणि मी लाजून उठायला लागले तर म्हणाल्या, “बस खाली. लाजून पोट भरते काय?” हे मी विसरलेले नाही. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

वहिनींना तीन लेकरं होती, तिन्ही मुलीच. चौथं नको होतं. पण हे सासूला कळू द्यायचं नव्हतं. सासूला आम्ही सगळे माय म्हणायचो. वहिनींचं माहेर पिंपळगाव राजाचं. तिथल्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांचं नाव लिहून घेतलं होतं आणि मी तिथल्या बाजाराला बांगड्या विकायला गेले की महिन्याचं गोळ्यांचं पाकीट माझ्या हाती देत. मी ते बांगड्यांच्या पेटीत तळाशी घालून आणायची. घरात ही गोष्ट दोघींनाच ठाऊक.

त्याच बाजारात टाळी वाजवत पैसे मागायला येणारी एकजण होती. एकदा ती बांगड्या भरायला माझ्यापुढे बसली. माझ्याकडे टक लावून पाहत हळूच म्हणाली, “माह्यापासून काय लपवतं? मी बी अशीच होती. बायांच्या त्या गोळ्या खाय. छाती भरते, आंग मऊ होते.”

त्या महिन्यात मी घरी येऊन वहिनींना सांगितलं, “गोळ्या आल्याच नाहीत दवाखान्यात.” पुढच्या महिन्यातही तेच सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला. सरकारी काम आहे, म्हणाल्या.

छाती भरेल, अंग मऊ होईल, एवढंच मला माहीत होतं. बाकीचं कोणी सांगितलं नव्हतं. मीच त्या गोळ्या घ्यायला लागले, तर चौथ्या दिवसापासून सकाळी उठलं की मळमळायचं. फोडणीचा वास आला की अंगणात पळायचं. डोकं दगडासारखं. पाय सुजून चपलेचा पट्टा रुतायचा. गिऱ्हाईक काही न घेता उठून गेलं तरी डोळे भरून यायचे. मग दीडेक महिन्यानं छातीत बोराच्या बीएवढी गाठ हाताला लागली. एसटीत मांडीवरची पेटी धक्क्यानं तिथं आपटली की जीव जायचा. आनंद व्हायला हवा होता, झालाही थोडा. पण हे असंच असतं की मी मरायला लागलेय, हे विचारायचं कोणाला? चोरीच्या गोळ्यांचं दुखणं.

मोताळ्याच्या बाजारात एका बाईच्या हातात बांगडी चढवता चढवता मला उमळून आलं. मी पालामागे धावले. परत आले तेव्हा बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या.

“काय वो, या पोराले तं डोहाये लागलेले दिसतात!”

“काय खावंसं वाटते रे? चिंचा आणू?”

“कितवा लागला बे?”

मी हसले. क्षणभर बरंही वाटलं, आणि त्या बरं वाटण्याचीच इतकी शरम वाटली की दिवसभर मान वर केली नाही.

त्याच आठवड्यात एका दुपारी मी ओसरीवर बांगड्या दोऱ्यात ओवत बसले होते. वहिनी समोर ज्वारी निवडत होत्या. त्यांचं धाकटं लेकरू धावत आलं आणि डोकं माझ्या छातीवर आदळलं. मी ओरडले. दोन्ही हात आपोआप छातीवर गेले.

वहिनी सुपाकडे बघतच थांबल्या. मग म्हणाल्या, “छाती दुखते?”

“लागलं जरा.”

“सकाळी ओकतं. पाय सुजले. परवा मांजर मेलं तं रडत होता.” त्यांनी सूप खाली ठेवलं. “मले बी पहिल्या दोन महिन्यांत असंच झालं होतं. गोळ्या आल्या होत्या, नाही?”

मी ओवलेल्याच बांगड्या पुन्हा मोजायला लागले. तेवढं पुरलं.

“तुले कायले पाह्यजेत त्या?”

“मला... तुमच्यासारखं व्हायचंय.”

त्या हसल्या, पण ते हसू नव्हतं. “माह्यासारखं? चूल, सासू, तीन लेकरं. पाहून घे बाप्पा नीट.” मग आवाज एकदम उतरला. “मले चौथं नाही पाह्यजे, तुले माहीत होतं. तरी?”

मी त्यांच्या पायाला हात लावायला वाकले. त्यांनी पाय मागे घेतले.

त्यांची पाळी चुकून आठ दिवस झाले होते. हे मला नंतर कळलं. त्या घरात बाई बाहेरची झाली की चार दिवस मागच्या ओसरीवर वेगळी बसे, म्हणजे सगळ्या घराला दिसे. मी रोज उजाडताच मागचं दार उघडून तिकडे बघायची. ओसरी रिकामी. गोळ्या मी बंद केल्या होत्या. देवाला म्हणायचे, मला काही नको, फक्त वहिनींना तिथं बसलेलं दाखव. पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी तव्यावर भाकरी टाकून त्या तोंडाला पदर लावून अंगणात पळाल्या.

माय खुशीत ओरडली, “पह्यले हा पोरगा ओके, आता ही बी ओकून राह्यली! हिचं कारण समजलं मले. त्याचं काय होतं कोणास ठाऊक!” आणि सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. माझ्याही. मी ती खाल्ली.

वहिनींनी घरात कोणाला काही सांगितलं नाही. एका शब्दानं सांगितलं असतं तरी मी रस्त्यावर आले असते. महिनाभर त्या माझ्याशी कामापुरतं बोलल्या. मग पिंपळगावच्या बाजाराला निघताना दाराशी आल्या.

“नर्सबाईले इतक्यात माह्यं सांगू नको. पाकीट घेऊन ये.”

“कशाला, वहिनी?”

“तुह्यासाठी. उपाशीपोटी गोळी गियत जाऊ नको, जेवून घे. मीठ कमी खाय. अन् छातीले फडकं करकचून बांधतं ना, ते सोड. आणखी दुखते त्यानं.”

मी ‘नको’ म्हणायला हवं होतं. आजही रात्रंदिवस मनात मी तेच म्हणते. पण खरं लिहायचं तर मी गेले, पाकीट आणलं आणि जेवून गोळी घेतली. मळमळ खरंच कमी झाली.

पुढे मला चांगले डॉक्टर भेटले, तपासून औषध देणारे. त्यांचे उपकार आहेतच. पण गोळी कशी घ्यायची हा पहिला सल्ला मला दिला तो त्या बाईनं, जिचं मी लुटलं होतं.

वहिनींना मुलगी झाली. चौथीही मुलगीच. माय बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहून बोलली, “हिच्या कुशीत दुसरं काही पिकतच नाही.” वहिनी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. मी दाराबाहेर पाण्याची घागर घेऊन उभी होते. सगळं ऐकलं. घागर आत ठेवली आणि दुकानावर गेले.