मामाचा शिक्का

भाच्याच्या वतीने मी एका बेसबॉल संघाला पत्र लिहिलं, खाली सही केली आणि सहीवर शिक्का मारला. ही माझी चूक. पत्र तसं वाईट नव्हतं. स्पेलिंग मी दोनदा तपासली होती.

भाचा म्हणजे धाकट्या बहिणीचा एकुलता एक मुलगा. जन्म दुबईचा, वाढ अल मनखूलची, आमच्यापासून दोन इमारती सोडून. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर. आधी तो क्रिकेट खेळायचा, फास्ट बोलर. सोळाव्या वर्षी कोचने सांगितलं, याचा कोपर वाकतो, हा बॉल टाकत नाही, फेकतो. अकादमीतून काढलं. दोन महिने पोरगं भिंतीकडे तोंड करून झोपलं. मग शाळेतलं कुणीतरी त्याला बेसबॉलला घेऊन गेलं, आणि तिथले लोक म्हणाले, अस्संच फेक. ही गोष्ट मी ऑफिसात इतक्या वेळा सांगितली की लोक मला बघितलं की कोपर वाकवून दाखवायचे.

अठरावं संपता संपता इथल्या एका नव्या लीगच्या ड्राफ्टमध्ये त्याचं नाव आलं. ड्राफ्ट म्हणजे सगळे संघ ओळीने बसतात आणि एकेक खेळाडू पुकारतात. ज्या संघाने पुकारलं, त्यानेच तुमच्याशी बोलायचं, दुसऱ्या कुणी नाही. लेखी ऑफर आली की तीस दिवसांत सही करायची. नाही केली तर त्या संघाचा हक्क गेला, आणि तुम्ही पुढच्या वर्षीच्या ड्राफ्टपर्यंत घरी.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजने फी माफ करून जागा देऊ केली होती, बेसबॉलसाठीच. अट एकच: येईपर्यंत हौशी राहा, म्हणजे खेळाचे पैसे घेऊ नका, एजंट ठेवू नका. कॉलेजच्या नियमात लिहिलं होतं की संघाशी बोलायचं ते खेळाडूने किंवा आईवडिलांनी. सल्ला कुणाचाही घ्या. पण तिसऱ्याच माणसाने त्याच्या वतीने अटी मांडल्या तर तो एजंट धरला जाईल, आणि मुलाचं हौशीपण संपेल.

म्हणजे पोरापुढे दोन दारं होती. ऑफर पटली तर सही, नाही पटली तर कॉलेज. एक तरी उघडं राहिलंच असतं. मी नसतो तर.

हे नियम माझ्या मेहुण्यांनी पेन्सिल घेऊन वाचले. दाजी एका कारखान्यात वेल्डिंगचे सांधे तपासतात. दिवसभर भिंग लावून लोकांच्या चुका बघायच्या आणि घरी येऊन गप्प बसायचं, असा माणूस. त्यांनी 'आईवडील' या शब्दाखाली रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला.

"यात मामा लिहिलेला नाही," ते म्हणाले.

"दाजी, त्यांच्याकडे मामा ही पोस्टच नसते. त्यांचा सगळा अंकल. आपल्याकडे बोलणी कोण करतो?"

बहीण म्हणाली, "दादा, तूच बोल. हे तिथे जातील, चहा पितील आणि थँक्यू म्हणून येतील."

यात खोटं काही नव्हतं. तिच्या लग्नाच्या याद्या मीच केल्या होत्या. त्यांच्या फ्लॅटचं भाडं मी उतरवलं, गाडी मी घेऊन दिली. शारजा औद्योगिक क्षेत्रात मी बावीस वर्षं पाइप आणि व्हॉल्व्ह खरेदी करतोय. तिथली माझी पद्धत ठरलेली आहे. भाव ऐकायचा, वाईट वाटल्यासारखा चेहरा करायचा, उठायचं आणि गाडीकडे चालायला लागायचं. गाडीचं दार उघडेपर्यंत मागून हाक येते, "हबीबी, कम, कम." एकदाच आली नव्हती. तेव्हा मी किल्ली विसरल्याचं निमित्त करून परत गेलो होतो.

संघाचं ऑफिस अल क्वोजमध्ये होतं, गोदामाच्या एका कोपऱ्यात. आत जाळी लावून सरावाची जागा केलेली, रबराचा वास. बोलणारा माणूस अमेरिकन, हात माझ्या मांडीएवढे, आवाज अगदी मऊ. त्याने ऑफर पुढे ठेवली. मोसमाचे तीस हजार दिरहॅम. मी लगेच मोठ्याने म्हणालो, "म्हणजे सात लाख." भाच्याचे डोळे चमकले. मी टेबलाखालून त्याचा पाय दाबला.

मग मी बोलायला लागलो. तो माणूस थोडा वेळ ऐकून म्हणाला की हे मुलाने किंवा आईवडिलांनी बोललेलं बरं, तुम्हाला नियम माहीत आहे ना? मी म्हणालो, "हबीबी, मामा इज फॅमिली." तो हसला. ते हसणं मी अर्धा विजय धरलं. दाजी खिडकीतून जाळीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी पत्र लिहिलं. रक्कम दुप्पट करा, हात दुखावला तरी पूर्ण मोसमाचे पैसे द्या, आईवडिलांना सामन्यांचे पास. नुसती सही बरी दिसेना. या देशात शिक्का नसलेला कागद कुणी हातात धरत नाही. बर दुबईत दहा मिनिटांत शिक्का करून देतात. माझं नाव आणि खाली 'अधिकृत प्रतिनिधी', इंग्रजीत, निळ्या शाईत, गोल. मारला तेव्हा इतका सुबक उमटला की मी त्याचा फोटो काढला.

पत्र पाठवलं आणि मग मी गाडीकडे चालायला लागलो. म्हणजे घरी सांगितलं, आता कुणी फोन करायचा नाही, मेल करायचा नाही. शेवटच्या दिवशी ते स्वतः फोन करतील.

तिसाव्या दिवशी मुदत संध्याकाळी पाचला संपणार होती. आम्ही चौघं बहिणीच्या हॉलमध्ये बसलो होतो. टीपॉयवर फोन, त्याच्या शेजारी संघाने दिलेलं काँट्रॅक्ट. साडेतीनला भाचा म्हणाला, "मामा, कॅन आय जस्ट साइन इट? आय डोंट माइंड द मनी."

"थांब रे. आत्ता सही केलीस तर जन्मभर ते तुला स्वस्तात धरतील."

तो थांबला. हे मला अजून टोचतं. तो न ऐकता सही करू शकत होता. पण मामा म्हणाला, म्हणून थांबला.

पाच वाजले. बहीण म्हणाली, "दादा, आता?"

"इथे पाच म्हणजे सहा धर. येईल, इन्शाल्ला."

सहाला मेल आला. सभ्य, चार ओळींचा. मुदतीत सही मिळाली नाही, आमचा हक्क संपला, मुलाला शुभेच्छा. माझ्या तिन्ही मागण्यांबद्दल एक शब्द नाही. बावीस वर्षांत दुसऱ्यांदा मागून कुणी हाक मारली नाही, आणि या वेळी किल्ली विसरायची सोय नव्हती.

"कॉलेज आहे ना," मी म्हणालो.

कॉलेजच्या फॉर्मवर प्रश्न होता: आईवडिलांखेरीज कुणी तुमच्या वतीने संघापुढे अटी मांडल्या का? मी म्हणालो, "नाही लिही. त्यांना काय स्वप्न पडणार आहे?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं नाही. "इट हॅज युअर स्टॅम्प, मामा," म्हणाला आणि 'होय'वर खूण केली.

आठ दिवसांत कॉलेजचं उत्तर आलं: जागा रद्द. खलास.

पुढच्या वर्षीचा ड्राफ्ट आम्ही त्याच हॉलमध्ये पाहिला. म्हणजे ते पाहत होते; मला कुणी बोलावलं नव्हतं, मी ढोकळा घेऊन गेलो. तीन तास नावं पुकारली गेली. शेवटचं नाव झाल्यावर भाच्याने लॅपटॉप मिटला आणि ग्लोव्ह उचलून चपलांच्या कपाटात ठेवला, वरच्या खणात, छत्र्यांच्या मागे. तो अजून तिथेच आहे. आधी भाचा पार्किंगमधल्या खांबावर बॉल मारत बसायचा आणि वॉचमन ओरडायचा. हल्ली वॉचमनच मला विचारतो, तुमचा मुलगा दिसत नाही? मी सांगतो, अभ्यास असतो.

गेल्या महिन्यात त्याने इथल्याच एका कॉलेजचा फॉर्म भरला, लॉजिस्टिक्सचा. मी दारात पोचलो तेव्हा तिघं टेबलाशी होते. पालकांची सही राहिली होती आणि दाजी खिसे चाचपत होते. मी चटकन माझं पेन काढलं, टोपण उघडलं आणि फॉर्म कुठवर आलाय ते बघायला वाकलो.

भाच्याने कागदावर पालथा हात ठेवला. बहिणीने माझ्याकडे बघितलं आणि चहाचं आधण टाकायला उठली.

दाजींनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"पेन राहू दे," ते म्हणाले. "तुम्ही गॅलरीत जाऊन बसा."