सागरगोट्यांची मालकीण

“दुकान त्यांचं, मान्य. पण गिऱ्हाईक माझं ना, काका?” असं म्हणून ती चष्मा कपाळावर ढकलायची. मग तोच चष्मा घरभर शोधत बसायची.

विक्रोळीला आमच्या समोरच्या दारात राहायची. चाळिशीची, एकटी. फोनवरचे खेळ बनवायची. मी कारखान्यात कपाटं रंगवायचो, शाळा चौथीपर्यंत. मला वाटायचं, ही बाई घरात बसून खेळते आणि त्याला काम म्हणते. तोंडावर बोललो तसं. ती म्हणाली, “तुम्ही कपाटं रंगवायचात, सगळी घरी आणायचात का?”

एकदा तिला सागरगोट्यांचा खेळ बनवायचा होता. माझ्या बायकोने तिला गॅलरीत बसवून शिकवलं. एक गोटा वर उडवायचा, तो खाली यायच्या आत दुसरा उचलायचा. तिसऱ्याला बोट लागलं तर डाव गेला. आणि ते आपलं आपण सांगायचं, समोरचीने पाहिलं नसलं तरी. “हात लागला. दे इकडे,” हे तिची चूक पकडतानाचं बायकोचं बोलणं तिने फोनमध्ये रेकॉर्ड केलं आणि त्याच आवाजात खेळात घातलं. कुठल्या कुठल्या बायका तो खेळायला लागल्या. आमची ही आठवडाभर हवेत.

आता असे खेळ फोनवरच्या मोठ्या दुकानातूनच घ्यावे लागतात, हे तुम्हाला ठाऊक असेल. खेळात कोणी पैसे भरले की पहिला घास दुकानाचा. तिला ते पटेना. भाजीवाला गाडीला आपला पैसे घ्यायचा कोड लटकवतो, तसं तिने खेळात बटण लावलं. पैसे थेट मला द्या, स्वस्त पडेल. दुकानाने खेळच काढून टाकला. ज्यांच्या फोनवर आधीच होता, त्यांच्याकडेच तेवढा राहिला. मग ती आणि तिच्यासारखे आणखी काही जण कोर्टात गेले.

तारखा पडत राहिल्या. त्यात बायको आजारी पडली. घाटकोपरला हॉस्पिटलात शेजारीण भेटायला आली की पडल्या पडल्या तिला विचारायची, “माझा खेळ आला का गं परत?”

एका दुपारी ती तिथे आली, ती पडल्या चेहऱ्याने. दुकान तडजोडीला तयार होतं. बटण चुकून लागलं असं लिहून द्यायचं, खटल्यातून बाहेर पडायचं, खेळ परत सुरू.

मी म्हणालो, “दे की लिहून. काकूकडे बघ जरा. कसली लढतेस?”

ती बायकोकडे बघत राहिली.

“चुकून लागलं का?” बायकोने विचारलं.

“नाही काकू. मुद्दाम लावलं.”

“मग तसं सांग.”

तिने लिहून दिलं नाही. खेळ आला नाही. बायको गेली.

बाराव्याला ती सकाळपासून पोळ्या लाटत होती. मध्येच उठून चष्मा शोधायला लागली. मी तिच्या कपाळाकडे बोट केलं. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

आता ती हैदराबादला नोकरीला आहे. खटला चालूच आहे. समोरच्या दाराला कुलूप. कधी तरी फोन करते. “काका, फोन बदलू नका हं. नव्यावर तो खेळ मिळणार नाही.”

माझ्या फोनची काच तडकलीय. मुलगा नवा घेऊन देतो म्हणतो. नको म्हटलं. दुपारी गॅलरीत बसतो, त्याच फोनवर गोटा उडवतो आणि बाजूच्याला मुद्दाम बोट लावतो.

“हात लागला. दे इकडे.”