उलटा करा आणि गुणा

पुण्यात मी एकतीस वर्षं गणित शिकवलं आणि तेवढी सगळी वर्षं माझा ठाम समज होता की मला गणित येतं. माझ्या वर्गात बाकांनासुद्धा यत्ता होत्या. पुढे हुशार, मध्ये बरे, मागे ढ. मागच्या बाकापर्यंत माझा आवाज जायचा. मी स्वतः फारशी जात नसे. 'बाई काय छान शिकवतात!' असं पुढच्या बाकांचे पालक म्हणत आणि मी ते खरं मानत असे. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पिन, डोक्यात काडीची शंका नाही. आज ती बाई रस्त्यात दिसली तर मी पलीकडच्या फुटपाथनं जाईन.

आता मी इंग्लंडात, वॉटफर्डला लेकीकडे असते. नात इयर टेनमध्ये, म्हणजे आपल्या नववीत आहे. इथे गणिताला हुशारीप्रमाणे मुलांचे सेट, म्हणजे वेगवेगळे वर्ग पाडतात, आणि आमची नात सगळ्यात खालच्या सेटमध्ये. हे कळल्यावर दोन दिवस मी सुतक असल्यासारखी वावरत होते.

"आजी, चिल. कोणी मेला नाहीये," नात म्हणाली.

खालच्या सेटची खरी मेख मला मागाहून कळली. त्यांना परीक्षेत सोपा पेपर. तो अख्खा बरोबर सोडवला तरी ग्रेड पाचाच्या वर जात नाही. सहा ते नऊ हवे असतील तर वरचाच पेपर द्यायला हवा. आणि शिकवायला कोण? सप्टेंबरपासून चार सप्लाय टीचर, म्हणजे बदली शिक्षक, येऊन गेले होते. त्यातले एक मुळात खेळाचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं म्हणे, "अपूर्णांक मलाही आवडत नाहीत." वरच्या सेटला मात्र विभागप्रमुख बाई स्वतः. ज्याला कमी येतं त्याला कमी शिकवायचं, ही रीत माझ्या चांगल्याच ओळखीची. मी ती बाकांवर भागवली होती, इथे तिला स्वतंत्र खोल्या होत्या.

म्हणून दर गुरुवारी शाळा सुटली की आमच्या किचनच्या टेबलावर माझा क्लास भरू लागला. विद्यार्थिनी दोन: नात आणि तिच्याच सेटमधली एक मैत्रीण. ही उंच, नखं कुरतडणारी, मागच्या सरकारी कौन्सिल फ्लॅट्समध्ये राहणारी. आई म्हाताऱ्यांच्या केअर होममध्ये कामाला. मुलीला पूल बांधायचे होते. त्यासाठी पुढे गणित घ्यायला हवं, आणि सोप्या पेपरातल्या पाचावर ते कोणी देत नाही. ईस्टरच्या सुट्टीआधी विभागप्रमुखांना पटवून वरच्या सेटमध्ये जायचं, एवढी एकच वाट तिच्याकडे होती. नात आजी म्हणते म्हणून तीही मला आजीच म्हणायची. बाकी बोलणं तिचं इंग्रजीतच; इथे मी ते माझ्या मराठीत लिहितेय.

तिसऱ्या गुरुवारी मी अपूर्णांकांचा भागाकार काढला. हा माझा हातखंडा प्रयोग. सहा भागिले तीन-चतुर्थांश. मी टेबलावर पेन आपटलं आणि पुण्यातल्या सुरात म्हटलं, "दुसरा उलटा करा आणि गुणा! सहा गुणिले चार-तृतीयांश. उत्तर आठ. संपलं!"

नातीनं निमूट लिहून घेतलं. मैत्रिणीनं विचारलं, "पण उलटा का करायचा?"

हा प्रश्न मला एकदा मागच्या बाकावरूनही आला होता. तेव्हा मी म्हटलं होतं, "परीक्षेत 'का' विचारत नाहीत," आणि पुढचे बाक खदखदून हसले होते. मला केवढी विनोदी वाटले होते मी!

या वेळी हसायला कोणी नव्हतं. मी तोंड उघडलं आणि लक्षात आलं, मला माहीत नाही. एकतीस वर्षं उलटा करतेय. का, ते माहीत नाही.

"आजी, तुला येत नाही?" नातीचे डोळे चमकले.

"गप्प बस. चहा टाकते मी."

मी किटली भरेपर्यंत त्या मुलीनं एका पाकिटाच्या पाठीवर सहा चौकोन काढले होते. "हे टोस्ट," ती स्वतःशीच म्हणाली. प्रत्येकाचे चार तुकडे केले. "चोवीस. म्हणजे आधी चारानं गुणलं." मग तीन-तीन तुकड्यांभोवती गोल काढत गेली. "एकेकाला पाऊण टोस्ट. आठ जणांना पुरले. म्हणजे तीनानं भागलं." पेन थांबलं. "अच्छा. उलटा वगैरे काही नाहीच. आधी तुकडे करायचे, मग वाटायचे. म्हणून चार वर जातो आणि तीन खाली."

चहा तसाच राहिला. माझ्या अंगावर अक्षरशः काटा आला. कोणी न शिकवलेली, पाचाच्या वर जायचं नाही असं ठरवून टाकलेली ती पोर गणिताच्या आत शिरून, तिथला दिवा लावून बाहेर आली होती. मी आयुष्यभर दाराबाहेर उभी राहून बेल वाजवत होते.

"पुन्हा सांग," मी म्हटलं.

"समजलं नाही का, आजी?"

"समजलं गं. पुन्हा ऐकायचंय."

मार्चमध्ये विभागप्रमुखांनी तिला बोलावलं. आई शिफ्टवर, म्हणून सोबत मी गेले, साडीवर लेकीचा जाड कोट चढवून. बाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, वाईट नव्हत्या. त्यांनी तिला फळ्यावर दोन गणितं घातली. तिनं सोडवली आणि न विचारता 'का' तेही सांगितलं. बाईंनी फळ्यावरून नजर तिच्याकडे वळवली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

मी पदर सारखा केला. हार घालून घ्यायला मान पुढे करावी तशी जरा पुढेही झाले.

"कुणी नाही," ती म्हणाली.

अगदी खरं होतं. मी मान मागे घेतली.

बाई म्हणाल्या, "तू वरचा पेपर सहज देशील. पण माझ्या वर्गात बत्तीस मुलं आहेत. तुला बसवायला खुर्चीसुद्धा नाही."

"आमच्या वर्गातली आणते," ती म्हणाली. "टीचरची. तिच्यावर कोणी टिकतच नाही."

आवाजात टोमणा नव्हता, ती खरंच अडचण सोडवत होती. बाईंचा चेहरा लाल झाला. माझाही झाला असणार.

सोमवारी तिनं ती खुर्ची दोन जिने चढवून वरच्या सेटच्या वर्गात नेली. एक बाजू तिनं धरली होती आणि दुसरी माझ्या नातीनं.