बाबांनी दिलेला चार्ज

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे झालं त्यात त्याचा मोठा वाटा आहे. मी पूर्णेत एका शाळेत गणित शिकवते. चाळिशी उलटली, लग्न केलं नाही, आणि गेली वीस वर्षं फावल्या वेळात मी लॅपटॉपवर राज्यं उभी करते. बाकीच्या बाया मालिका बघतात, मी गावं वसवते.

खेळ सोपा आहे. षटकोनी घरांचा नकाशा असतो. एक गाव वसवायचं, त्याची चार करायची, मग शेती, रस्ते, तटबंदी, फौज. आपल्या चाली संपल्या की कोपऱ्यातलं बटण दाबायचं. मग शेजारची राज्यं त्यांच्या चाली करतात आणि परत आपला टर्न येतो. आपण बटण दाबेपर्यंत त्या जगात पानसुद्धा हलत नाही. लोक विचारतात, इतकी वर्षं तोच खेळ, कंटाळा कसा येत नाही? अहो, शाळेत मुख्याध्यापक सांगतील ते करायचं, घरी आलेगेले सांगतील ते ऐकून घ्यायचं. ह्या एका जागी माझ्यावाचून काही होत नाही. म्हणूनच 'एवढा एक टर्न, मग भात टाकते' म्हणता म्हणता भाताची वेळ टळून जाते.

बाबांना हा खेळ आवडायचा नाही. "ह्येचा उपेग काय हाय?" असं म्हणून ते पेपर उघडायचे. ते रेल्वेत केबिनमन होते. रुळांच्या कडेला दुमजली केबिन, आत लोखंडी लिव्हरची रांग. त्यांनी लिव्हर ओढली की सांधा बदलायचा, सिग्नल पडायचा, मग गाडी स्टेशनात. तोवर ती बाहेर शिट्ट्या मारत उभी. एकाच्या ड्युटीत दुसऱ्यानं लिव्हरला हात लावायचा नाही. ड्युटी बदलताना डायरीत वेळ टाकून 'चार्ज दिला' अशी सही करायची, आणि त्याखाली ड्युटीवर येणाऱ्यानं 'चार्ज घेतला' अशी. ती दुसरी सही झाल्याशिवाय बाबा जिना उतरत नसत. आजी गेल्याचा निरोप आला तेव्हाही बदली माणूस येऊन सही करेपर्यंत ते बसून राहिले. आत्या अजून त्यावरून बोलते.

रिटायर झाल्यावर सहा वर्षांनी त्यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं आणि बोलणं गेलं. डाव्या हातात तेवढा जोर राहिला. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं. आम्ही माना डोलावल्या आणि घरी येऊन त्यांना काहीच समजत नाही असं वागलो. पेज मिशीत अडकते म्हणून आईनं मिशी काढायला लावली. त्यांची सायकल भावानं पुण्याहून फोनवर सांगून कोणाला तरी देऊन टाकली. भेटायला येणारे त्यांच्यासमोरच विचारायचे, "वळखतेत का हो?" बाबा भिंतीकडं बघत राहायचे. मला ते बघवत नव्हतं, आणि तरी मीही त्यांना न विचारता त्यांच्या अंगावरची चादर बदलत होते.

एका रविवारी मी त्यांच्या खाटेशी बसून खेळत होते. गाव कुठं वसवावं ह्या विचारात होते, तेवढ्यात त्यांचं डावं बोट वर आलं. नकाशावर दोन नद्या मिळत होत्या, तिथं. मी माऊस त्यांच्या हाताखाली सरकवला.

त्या दिवसापासून राज्य त्यांचं झालं. पहिल्या गावाला त्यांनी एकेक अक्षर शोधत 'पूर्णा' नाव दिलं. मग चुडावा, पिंगळी, मिरखेल. सगळी आपल्या लाइनीवरची स्टेशनं. लढाई त्यांनी कधी काढली नाही. रस्ते जोडायचे, पूल बांधायचे, आणि बटण दाबायच्या आधी सगळा नकाशा एकदा नीट बघून घ्यायचा. एकेका टर्नला अर्धा तास लागायचा. खेळ थांबायचा. आई घास घेऊन घाई करायची, मी शाळेची घाई करायचे, नर्सबाई सुईची घाई करायची. घरात त्यांच्यासाठी थांबणारं तेवढं एकच होतं. महिनाभरात ते पाण्याचा ग्लास स्वतः धरायला लागले. आई म्हणाली, "माणसात यायलेत." मला लय बरं वाटलं.

मग मे महिन्यातली ती दुपार. बाबा जेवून झोपले होते. मी सहज लॅपटॉप उघडला, तर लाल शेजाऱ्याची फौज मिरखेलला येऊन भिडलेली आणि गावात शिपाई औषधालाही नाही. मला वाटलं, बाबांच्या लक्षातच आलं नाही. डोकं काही साथ देत नसेल. मी नदीवरच्या पुलाची सगळी फौज उचलली आणि मिरखेलला नेली. सात टर्न खेळले. लाल फौजेचा धुव्वा उडवला. खोटं कशाला सांगू, मजा आली.

ते उठले तसं मी त्यांना टेकवून बसवलं. "बाबा, मिरखेल हातचं जायलं होतं. वाचवलं मी."

त्यांनी कोपऱ्यातला आकडा बघितला. एकशे बाराव्या टर्नवर सोडलेला खेळ एकशे एकोणीसवर होता. मग नकाशा बघितला, सगळा, नेहमीसारखा. आणि मग मलाही दिसलं. मी पुलावरून उचललेली फौज मिरखेलचीच होती; शिपाई आणि कामकरी त्यांनी स्वतःच काढून पुलाच्या अलीकडं आणून ठेवले होते. मिरखेल सोडून नदी धरायची, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. मी विचारलं नव्हतं.

"थांबा, जुना उघडते," मी म्हणाले. खेळ प्रत्येक टर्नला आपोआप सेव्ह होतो. मी एकशे बारावा उघडून दिला. "घ्या, जसंच्या तसं हाय. ते सात टर्न झालेच न्हाईत समजा." त्यांनी माऊस हळूच बाजूला सारला.

उशाशी औषधांची वही असायची. त्यांनी ती ओढली, खुणेनं पेन्सिल मागितली आणि डाव्या हातानं, वेडंवाकडं, लिहिलं: सोळा वाजून दहा मिनिटं, चार्ज दिला. खाली सही. त्याखाली एका ओळीची जागा सोडली आणि पेन्सिल माझ्यापुढं धरली.

माझं टाळकं सरकलं. "खेळ हाय बाबा तो. खेळात कसला चार्ज?"

आई दारात उभी होती. तिनं वही बघितली आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं. "सही करू नको," ती म्हणाली. "सही झाल्याबिगर ते जागा सोडत न्हाईत." तिच्या हातात पिठाचा डबा होता, तो तिनं खाली ठेवला आणि परत उचलला. तेव्हा मला कळलं की ही गोष्ट खेळाची नाही.

मी सही केली नाही. ते रोज सकाळी नवी वेळ टाकायचे, पेन्सिल पुढं धरायचे. मी औषध द्यायचे, वही मिटायचे. लॅपटॉपकडं त्यांनी परत बघितलं नाही, पण दोन घास खात होते. थांबले होते.

शाळा सुरू झाल्या. एके दिवशी तपासणी होती, मला उशीर झालेला, आणि साडीची निरी बसेना. बाबांनी वही पुढं केली. मी पर्स टाकली, पेन्सिल हिसकावली आणि लिहिलं: चार्ज घेतला. "घ्या, केली सही. झालं समाधान?" वेळ मी अंदाजानं टाकली होती. त्यांनी बोट भिंतीवरच्या घड्याळाकडं केलं. मी खोडून बरोबर वेळ लिहिली: नऊ वाजून चाळीस मिनिटं. त्यांनी वही वाचली आणि मिटून उशाशी ठेवली.

संध्याकाळी आले तर त्यांनी दुपारचा घास घेतलेला नव्हता. आईनं वही उघडून बघितली आणि माझ्याकडं न बघता पेजेचं भांडं उचलून नेलं. नवव्या दिवशी बाबा गेले. डॉक्टर म्हणाले, दुसरा झटका. असेल.

एकशे बारावा टर्न अजून लॅपटॉपवर आहे. मिरखेलच्या बाहेर लाल फौज, गाव रिकामं, माणसं पुलाच्या अलीकडं. बटण दाबायचं काम आता माझं आहे, वहीत तशी सही आहे. रविवारी मी तो उघडते, सगळा नकाशा नीट बघते आणि बटण न दाबता बंद करते. परवा आईनं भाजी निवडता निवडता विचारलं, "झाली का गं ड्युटी?"

"बदली माणूस आला न्हाई अजून," मी म्हणाले.